त्रिपूर लावायला माणसं लागतात

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या डिसेंबरात आपल्या ग्रुपवर एक सूचना आली होती, ती सगळ्यांना आठवत असेल. दरवर्षी नाताळच्या सुमारास शाळेच्या मैदानात एक मोठं झाड उभं करायचं, त्यावर दिव्यांच्या माळा सोडायच्या, सगळ्यांनी मुलाबाळांना घेऊन यायचं, दहापासून एकपर्यंत उलटे आकडे म्हणायचे आणि बटण दाबायचं. भराभर अंगठे पडले. मग कोणीतरी लिहिलं, "ही अमेरिकेत राहून आलीय, हिलाच बोलू दे." म्हणून आज माईक माझ्या हातात आहे. वर्गात मला बोलायला उभं करण्यासाठी बाईंना छडी दाखवावी लागायची, तेव्हा हीसुद्धा प्रगतीच म्हणायची.

तो समारंभ मी पाहिलाय, आणि तो मला आवडतो, हे आधी सांगते. न्यू जर्सीतल्या एका लहान गावात आम्ही तीन वर्षं होतो. तिथे वाचनालयासमोर एक जुनं सूचिपर्णी झाड आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी सगळं गाव तिथे जमतं. शाळेची मुलं गातात, अग्निशमन दलाच्या गाडीतून सांताक्लॉज येतो, कागदी पेल्यांतून गरम चॉकलेट वाटतात. मग महापौरबाई बटण दाबतात, झाड उजळतं, सगळे 'आऽऽ' करतात आणि पंधरा मिनिटांत घरी जातात, कारण थंडी मरणाची असते. आमंत्रण कोणालाच नसतं, म्हणून कोणी परकं नसतं. आमच्या शेजारी एक ज्यू कुटुंब राहायचं, तेही यायचं. आम्ही तर गावात पोचल्याला दोनच महिने झाले होते, पण त्या रात्री पहिल्यांदा रस्त्यावरची माणसं आमच्याकडे बघून हसली.

या प्रथेचा उगम मी मुद्दाम वाचून काढला. झाडावर विजेचे दिवे लावायचा पहिला प्रयोग एडिसनच्या एका सहकाऱ्याने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये आपल्या घरात केला. त्या झाडावर ८० लहान दिवे होते. पण ते घरातलं झाड, तेही पैसेवाल्याच्या. झाड चौकात आलं १९१२ च्या नाताळात, न्यूयॉर्कच्याच मॅडिसन स्क्वेअरमध्ये. कारण साधं होतं. शहर बाहेरून आलेल्या गरीब कुटुंबांनी भरलेलं होतं, एकेका खोलीत सात-सात माणसं, आणि ज्यांना घरात झाड आणणं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी हे सगळ्यांचं झाड होतं. १९३१ साली मंदीच्या दिवसांत रॉकफेलर सेंटरचं बांधकाम चालू असताना तिथल्या कामगारांनी वर्गणी काढून झाड आणलं, आज जगभर टीव्हीवर दिसतो तो सोहळा तिथून सुरू झाला. म्हणजे हे झाड मुळात उपऱ्यांचं आणि मजुरांचं आहे. बाहेरून आलेल्या माणसांनी भरलेलं शहर, एकेका खोलीत सात-सात जण. भिवंडीकरांना हे वर्णन ओळखीचं वाटलं ना?

आता माझं म्हणणं सांगते. झाड आणायला माझी ना नाही. पण आपल्याकडे दगडाचं झाड आधीपासून उभं आहे. त्याला दीपमाळ म्हणतात. वज्रेश्वरीला शाळेची सहल गेली होती तेव्हा आपण सगळे ५२ पायऱ्या मोजत चढलो होतो. वसईच्या मोहिमेआधी चिमाजी अप्पांनी नवस बोलला आणि १७३९ साली वसई पडल्यावर मंदिर उभं राहिलं, एवढं सरांनी पाठ करून घेतलं होतं. पण तिथल्या दीपमाळेकडे आपण कोणी नीट पाहिलं नाही. आपलं लक्ष अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे होतं.

दीपमाळ म्हणजे खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला दगडी खांब. त्याला चहूबाजूंनी ओळीने दगडाचेच 'हात' काढलेले असतात. हातांवर पणत्या ठेवायच्या आणि त्याच हातांवर पाय देऊन वर चढायचं. शिडी आणि दिव्याची जागा एकच. मला ही रचना फार हुशारीची वाटते. वर्षभर हा खांब गप्प उभा असतो आणि कार्तिकी पौर्णिमेच्या संध्याकाळी पेटतो. शंकराने त्रिपुरासुराचा वध केला तो हा दिवस. कोकणात दीपमाळेलाच 'त्रिपूर' म्हणतात आणि 'त्रिपूर पाजळला' असा शब्द वापरतात. गोव्यात हेच खांब अष्टकोनी, रंगवलेले आणि मजल्यांचे असतात. मंगेशीचा तर सात मजली आहे. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर त्याच पौर्णिमेला पहाटे हजारो पणत्या लागतात, आणि साखळीला वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात.

एक अवांतर, सरांसाठी. दहावीच्या विज्ञानात आपण एकसर जोडणी आणि समांतर जोडणी शिकलो. दिव्यांची स्वस्तातली माळ एकसर जोडणीची असते, एक दिवा गेला की अख्खी माळ काळोखात. मग घरातले वडीलधारे खुर्चीवर चढून एकेक दिवा काढून बघत बसतात. दीपमाळेला नावात 'माळ' असली तरी तिची जोडणी समांतरच आहे. एक पणती विझली तरी बाकीच्यांना काही होत नाही. मी आज ज्या कामाचा पगार घेते त्यात निम्मं डोकं हेच जमवण्यात जातं, की एक यंत्र बंद पडलं म्हणून बाकीची बंद पडू नयेत. सरांनी ते पस्तीस मिनिटांच्या तासात शिकवलं होतं, आणि त्यातली दहा मिनिटं हजेरीत जायची.

आता मुद्द्यावर येते. माझ्या मामाचं गाव नाशिक हायवेपासून थोडं आत आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे गावकीतल्या भांडणाची गोष्ट आहे. तिथे शंकराच्या देवळासमोर एक दीपमाळ आहे. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत आठ हात, म्हणजे ७२, आणि डोक्यावर एक मोठा दिवा. मी लहान असताना प्रत्येक घराला आपापले हात ठरलेले होते. आमच्या आजोळचे तिसऱ्या ओळीतले दोन. आजी आठवडाभर आधी वाती वळायला बसायची. सूत यंत्रमागाच्या वेस्टमधलं, भिवंडीत ते कोणी विकत घेत नाही. संध्याकाळी गावातली पोरं कमरेला तेलाचा डबा बांधून चढायची, खालून पणत्या हातोहात वर जायच्या. पहिल्या पणतीपासून शेवटच्या पणतीपर्यंत पाऊण तास सहज लागायचा. तोपर्यंत वाऱ्याच्या बाजूच्या चार विझलेल्या असायच्या, मग पुन्हा कोणीतरी चढायचं. हा पाऊण तास म्हणजेच सण होता. पोरांना खालून ओरडून सूचना देणं, आज्यांचं एकमेकींच्या वातींना नावं ठेवणं, कोण कोणाशी बोलत नाही आणि तरी पणती कोणाच्या हातातून घ्यावी लागली, हे सगळं त्यातच व्हायचं. बटण दाबायला एक सेकंद लागतो आणि एकच माणूस लागतो.

नंतर काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्याही गावांत तेच झालंय. मुंबईच्या जकात हद्दीच्या बाहेर म्हणून पूर्णा, काल्हेर, राहनाळ, मानकोली या पट्ट्यात गोडाऊन उभी राहिली, २०१७ च्या जीएसटीनंतर आणखी मोठी झाली. शेतं गेली, पैसे आले, माणसं ठाण्या-कल्याणला फ्लॅटमध्ये गेली. मामाच्या गावात दीपमाळेशी नातं असलेली घरं आता नऊ उरली आहेत, आणि त्या नऊ घरांत दगडाच्या हातांवर पाय देऊन वर जाईल असं वय कोणाचंच नाही. म्हणून एका वर्षी खालपासून वरपर्यंत एलईडीची माळ गुंडाळली आणि तिला टायमर लावला. साडेसहाला लागते, दहाला बंद होते. दिसतेही छान. पण बघायला कोणी येत नाही. दिवा लागला की नाही, एवढी चौकशी फोनवर होते.

देवळाच्या मागे गोडाऊनमध्ये काम करणाऱ्यांच्या खोल्या आहेत. चार वर्षांपूर्वी त्रिपुरीला मी तिथे होते. एक बाई दोन मुलांना घेऊन आल्या, हातात पाच पणत्यांची थाळी. बनारसकडच्या. मामीला म्हणाल्या, "आज हमारे यहाँ देव दीपावली है, यहाँ रख दें क्या?" मामीने मामाकडे पाहिलं, मामाने माळेकडे पाहिलं. मग म्हणाला, "रखो." पणत्या खालच्या चौथऱ्यावर लागल्या. एलईडीच्या झगमगाटात त्या दिसतही नव्हत्या, म्हणून धाकट्या मुलाने हट्ट केला, आणि मामाने माळेचा प्लग काढला.

त्या रात्री घरी येऊन मी शोधत बसले आणि मला जे सापडलं त्याने माझी झोप उडाली. काशीला पंचगंगा घाटावर दगडाचा एक दीपस्तंभ आहे, त्याला 'हजारा' म्हणतात. हजारेक दिव्यांचा. देव दीपावलीला तो पेटतो. तो बांधला अहिल्याबाई होळकरांनी. चौंडीला जन्मलेल्या आपल्या बाईंनी काशीवाल्यांना दीपमाळ दिली, आणि सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी काशीकडची एक बाई आपल्याच दीपमाळेवर पणती ठेवायची परवानगी मागत होती.

मग मी भिवंडीभर हीच एक तिथी शोधत सुटले. आपल्या वर्गात पद्मानगरच्या तेलुगू घरांतल्या किती मुली होत्या! एकीला फोन केला. ती म्हणाली, आमच्याकडे ही कार्तिक पौर्णमी, आई ३६५ वाती एकत्र बांधून तुपात भिजवून लावते, वर्षातल्या ज्या दिवशी दिवा राहिला त्याची भरपाई म्हणून. मी म्हटलं, अगं, माझी आजीही त्रिपुराची मोठी वात वळायची! पंचवीस वर्षं एका बाकावर बसून आम्हा दोघींना हे माहीत नव्हतं. (बाकावर पाचच वर्षं बसलो, बाकीची फोनवरची आहेत.) ट्रान्सपोर्टच्या धंद्यातल्या शीख मंडळींची त्याच दिवशी गुरू नानक जयंती असते, तेही दिवे लावतात. कापडाच्या व्यापारातल्या जैन घरांत त्या दिवशी चातुर्मास संपतो आणि शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते. म्हणजे एका रात्री या शहरात पाच-सहा भाषांत दिवे लागतात, पण प्रत्येक जण आपल्याच गल्लीत. वरून फोटो काढला तर सगळं शहर उजळलेलं दिसेल, आणि खाली कोणाला शेजारच्या गल्लीची खबर नसेल.

गेल्या वर्षी मामाने गावकीत विषय काढला, की टायमरची माळ काढू, आणि ज्याला पणती लावायची त्याला लावू देऊ. मी मागे बसून ऐकत होते. खूप वाद झाला. एकजण म्हणाले, भाडोत्री आज पणती ठेवतील, उद्या देवळाच्या कमिटीत बसतील. दुसरे म्हणाले, वाडवडिलांचे ठरलेले हात आहेत, ते परक्याला कसे द्यायचे? मामाने एवढंच विचारलं, "बहात्तर हात आहेत आणि घरं नऊ. बाकीच्या हातांना काय सांगू?" कोणीतरी चिडून म्हणालं, "मग उद्या सगळेच येतील." मामा म्हणाला, "येऊ देत की."

शेवटी तडजोड झाली. खालच्या तीन ओळी ज्याला हव्या त्याला, वरच्या सहा गावच्या. ही तडजोड मला पसंत नाही. वर-खाली हा भेद दगडावर आपण नव्याने कोरतोय असं मला वाटतं, आणि मामाला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, तू कोड लिहितेस तेव्हा सगळं एकदम बदलतेस का? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तर गेल्या वर्षी खालच्या २४ हातांवर खोल्यांमधल्या बायकांनी पणत्या लावल्या, आणि वरच्या ४८ हातांपैकी ३० रिकामे राहिले, कारण चढायला माणसंच नव्हती. हे चित्र सगळ्या गावाने पाहिलं. यंदा दसऱ्यानंतर गावकी पुन्हा बसणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात आपल्या बॅचचा काय संबंध? सांगते. आपण सहावी-सातवीत असतानाचा तो डिसेंबर आणि जानेवारी आठवा. १९९२-९३. मुंबई पेटली होती. १९८४ ची दंगल आपल्याला आठवत नाही, पण आपल्या घरांना आठवत होती, आणि मोठी माणसं रात्री दाराला आतून लाकडाचा दांडा लावायची. त्या वेळी भिवंडी शांत राहिली. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या, दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्या भागातला पोलीस, एकत्र बसून बोलायचे. पाण्याचं भांडण, गटार, मागाचा आवाज, असल्याच विषयांवर. संकट आलं तेव्हा ती माणसं एकमेकांना नावाने हाक मारत होती. आपल्या शहराचं नाव बाहेर घेतलं की लोक दंगल आणि खड्डे एवढंच आठवतात. ही गोष्ट आपणच सांगितली पाहिजे.

मी आज तुम्हाला पूजेला बोलावत नाहीये. ज्यांच्या घरात मूर्तीपुढे दिवा लावत नाहीत, त्यांनी तो लावावा असं मी म्हणणार नाही. आपल्या वर्गातल्या मोमीन आणि अन्सारी घरांतल्या मित्रमैत्रिणींना मी आधीच वेगवेगळं विचारलं. एकजण म्हणाला, "पणती नाही लावणार, पण शिडी धरीन." एकीने मागाच्या शेडमधलं सुताचं वेस्ट दोन पिशव्या भरून पाठवलंय, माझ्या घरी कपाटावर पडलंय. एकजण म्हणाली, येते की नाही ते तेव्हा बघू. हेही उत्तरच आहे.

आता कामाचं. यंदाची त्रिपुरी पौर्णिमा २४ नोव्हेंबर २०२६, मंगळवार. सुट्टी काढावी लागणाऱ्यांना दहा महिने आहेत. एका पणतीत साधारण १५ मिलिलिटर तेल बसतं, म्हणजे एका भरणीला लिटरभराहून थोडं जास्त आणि वरच्या दिव्याला वेगळं. दोन भरण्या धरा, सांडासांड धरा, चार लिटर पुरे. तेल थेट दगडावर ओतायचं नाही. काजळी आणि तेल दगडात मुरतं, आणि जुन्या सांध्यांत उष्णतेने चिरा वाढतात. पणतीखाली वाळूची चकती ठेवायची. गोडाऊनचा परिसर आहे, आत कापड आणि प्लास्टिक आहे, म्हणून आकाशात सोडायचे कंदील आणि फटाके अजिबात नकोत. गोडाऊनला आग लागते म्हणजे काय होतं, हे भिवंडीत कोणाला समजावून सांगायला नको. वाळूच्या चार बादल्या आणि पाण्याचा एक ड्रम. चढणाऱ्याने सुती कपडे घालावेत, ओढणी कमरेला खोचावी, पाय अनवाणी, आणि बारा वर्षांखालच्या कोणीही दुसऱ्या ओळीच्या वर जायचं नाही. माझ्या मुलीने या शेवटच्या नियमावर लेखी हरकत घेतली आहे.

सर, बाई, तुम्हाला चढायला कोणी सांगणार नाही. तुमच्यासाठी चौथऱ्यासमोर खुर्च्या असतील. सहाला सुरुवात करू, त्याआधी खोल्यांमधल्या बायका आणि गावातल्या आज्या वाती वळायला बसतील, ज्यांना शिकायचंय त्यांनी चारलाच यावं. संध्याकाळी तासभर शेजारचे दोन यंत्रमाग बंद ठेवायला मालक तयार आहे. भिवंडीत माग थांबल्यावर कानात जी शांतता होते ती आपल्या मुलांनी बहुधा ऐकलेलीच नाही. आपण ती वीज गेल्यावरच ऐकायचो.

गावकीने नाही म्हटलं तर खालच्या तीन ओळी आहेतच, २४ पणत्या. हो म्हटलं तर ७२ हात आणि वरचा दिवा, आणि तेवढ्यांना चढायला निदान सहा जण लागतील. गुडघे ठीक असलेले सहा जण या बॅचमध्ये असतील असं धरून चालते. जेवणानंतर मी वही घेऊन जिन्यापाशी बसणार आहे. चढणारे, शिडी धरणारे आणि तेल आणणारे, अशा तीन ओळी आखल्या आहेत. नाव वहीतच लिहा. ग्रुपवर नको, तिथे नुसते अंगठे येतात.